तोंडाने काही नाही

वेळेवर जेवणारा निवासी डॉक्टर अजून माझ्या पाहण्यात आलेला नाही. खाण्याची मनापासून आवड असलेला एखादा मात्र प्रत्येक युनिटमध्ये सापडतोच. आमच्या युनिटमध्ये ती मी आहे. शस्त्रक्रिया विभागातल्या पदव्युत्तर प्रशिक्षणाच्या वर्षांत स्वतःचे म्हणावे असे फार थोडे शिल्लक राहते. झोपेवर वॉर्डाचा हक्क असतो, फोनवर कॅज्युअल्टीचा आणि सुट्टीवर सिनियरच्या मर्जीचा. जिभेवर तेवढा अजून कोणी हक्क सांगितलेला नाही, म्हणून ती मी जपते. सहकाऱ्यांच्या मते हे निव्वळ चोचले आहेत. माझे मत असे की ज्याला स्वतःच्या घासाची किंमत कळते त्याला रुग्णाच्या तोंडाकडेही अधिक नीट पाहता येते; आणि आमच्या कामाचा बराच मोठा भाग रुग्णाच्या तोंडात काय जावे, कधी जावे आणि काय मुळीच जाऊ नये, हे ठरवण्यातच जातो.

आमचा दिवस खाण्याच्या बाजूने सांगायचा तर जेवणे कुठे झाली यापेक्षा ती कुठे हुकली हेच अधिक खात्रीने सांगता येते. सकाळी मोठ्या राऊंडच्या आधी रक्ताचे नमुने पाठवायचे असतात, रात्रीचे रिपोर्ट गोळा करायचे असतात, ड्रेसिंग उरकायची असतात आणि प्रत्येक रुग्णाच्या लघवीचे व ड्रेनचे, म्हणजे जखमेतला स्राव बाहेर काढणाऱ्या नळीचे, आकडे पाठ करायचे असतात. तिथे न्याहारी जाते. राऊंड संपेपर्यंत ओटीतून, म्हणजे शस्त्रक्रियागृहातून, पहिला रुग्ण आत घेतल्याचा निरोप आलेला असतो, आणि एकदा हात धुऊन गाऊन चढवला की मध्येच बाहेर येऊन काही खाण्याचा प्रश्नच उरत नाही. जखमेच्या कडा बाजूला ओढून धरणारा रिट्रॅक्टर हातात घेऊन उभ्या असलेल्या कनिष्ठाची भूक तर टेबलाभोवतीच्या सर्वांना ऐकू जाते. दुपारचे जेवण संध्याकाळी होते, संध्याकाळचा चहा रात्रीच्या राऊंडनंतर, आणि रात्रीचे जेवण नवे रुग्ण दाखल व्हायचे थांबतील तेव्हा, म्हणजे पुष्कळदा होतच नाही.

सर्जरीच्या निवासी डॉक्टरांमध्ये एक वचन तोंडातोंडी चालत आले आहे: मिळेल तेव्हा खा, मिळेल तेव्हा झोप आणि स्वादुपिंडाच्या वाटेला जाऊ नकोस. यातला तिसरा भाग पूर्णपणे खरा आहे. तो मऊ अवयव टाके धरून ठेवत नाही आणि दुखावला गेला तर आपले पाचकरस भोवतालच्या ऊतींवर सोडतो. झोपेबद्दलही माझी तक्रार नाही, कारण झोपेला चव नसते आणि ती कुठेही, कशीही घेतली तरी झोपच राहते. आक्षेप आहे तो पहिल्या भागावर. मिळेल तेव्हा खा, या आज्ञेत काय खा हा प्रश्नच येत नाही, आणि तो विचारण्याची सवय एकदा सुटली की माणूस समोर येईल ते तोंडात टाकून पुढे जायला शिकतो. माझ्याबरोबरचे काही जण तासाभरापूर्वी काय खाल्ले तेही सांगू शकत नाहीत. त्यांना मी दोष देत नाही, पण त्यांच्यासारखे व्हायचे नाही एवढे मी ठरवले आहे.

परिस्थितीशी तडजोड मीही केली आहे. खाद्यपदार्थांचे माझे वर्गीकरण आता चवीपासून सुरू होत नाही. पदार्थ एका हाताने खाता आला पाहिजे, थंड झाला तरी खाण्याजोगा राहिला पाहिजे, त्याचा वास ड्यूटी रूमच्या बाहेर जाता कामा नये आणि, सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, तो कोणत्याही घासाला सोडून उठता आले पाहिजे. या कसोट्यांवर केळे पहिले येते. त्याला स्वतःचे वेष्टन असते आणि खाणाऱ्याचा हात गराला लागत नाही. उकडलेले अंडे पोटाला आधार देते, पण ते सोलल्याबरोबर सगळ्या खोलीला कळते. डब्यातला भात बराच वेळ बाहेर राहिला असेल तर बॅसिलस सीरियस हा जंतू आठवतो, कारण उलट्या घडवणारे त्याचे विष भात पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाही. हे शिकल्यापासून सकाळच्या भाताकडे मी पूर्वीच्या निरागसपणे पाहू शकलेले नाही. चहात बिस्कीट बुडवणे हा तर शुद्ध जुगार आहे. ते बुडवले आणि त्याच क्षणी फोन वाजला, तर परत आल्यावर कपाच्या तळाशी गार लगदा तेवढा सापडतो, आणि तोही मी चमच्याने खाल्लेला आहे.

एक पथ्य मात्र मी सहसा मोडत नाही. पहिला घास बसून घ्यायचा, फोन उपडा ठेवायचा आणि तो घास गिळून होईपर्यंत दुसरे काही करायचे नाही. त्यापुढचे घास वॉर्डाचे. ते चालताना, जिना चढताना किंवा रिपोर्ट वाचताना गेले तरी माझी हरकत नसते.

ही व्यवस्था अशी का झाली, याचा माग तिच्या इतिहासात लागतो. निवासी प्रशिक्षणाची आजची चौकट अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात घडली. 1889 मध्ये सुरू झालेल्या या रुग्णालयात विल्यम हॉल्स्टेड यांनी शस्त्रक्रियेचे आणि विल्यम ऑस्लर यांनी वैद्यकशास्त्राचे शिक्षण या पद्धतीने उभे केले. प्रशिक्षणार्थी रुग्णालयातच राहत, जबाबदारी पायरीपायरीने वाढत जाई आणि कामाच्या तासांना मर्यादा नसे. निवासी डॉक्टरला घर नाही, स्वयंपाकघर नाही आणि त्याच्या ताटाची काळजी दुसरे कोणीतरी घेत आहे, असे गृहीत धरलेली ही रचना होती. ताट वाढणारे ते दुसरे कोणीतरी कालांतराने नाहीसे झाले, गृहीतक मात्र राहिले. खुद्द हॉल्स्टेड आधी कोकेनच्या आणि पुढे मॉर्फिनच्या आहारी गेलेले होते. माणसाने थकायचेच नाही असे मानणारी पद्धत नेमकी त्यांच्या हातून आकाराला आली, हे मला नेहमी अस्वस्थ करते. न्यूयॉर्कमध्ये 1984 साली लिबी झायन या अठरा वर्षांच्या मुलीचा मृत्यू झाला आणि तिच्यावर उपचार करणाऱ्या निवासी डॉक्टरांच्या कामाच्या तासांवर प्रश्न उभे राहिले. त्यातून 1989 मध्ये त्या राज्यात आठवड्याला 80 तासांची मर्यादा आली आणि 2003 मध्ये ती अमेरिकाभर लागू झाली. युरोपीय संघात ही मर्यादा सरासरी 48 तासांची आहे. या सगळ्या वादात झोपेबद्दल भरपूर बोलले जाते आणि ते योग्यच आहे. भुकेचे नाव मात्र क्वचितच निघते, जणू डॉक्टरला झोप लागते पण भूक लागत नाही.

भूक लागते, आणि रात्री तर ती वेगळ्याच तऱ्हेने लागते. घ्रेलिन हे जठरातून स्रवणारे भुकेचे संप्रेरक 1999 मध्ये जपानमधल्या कोजिमा आणि कांगावा यांनी शोधले. नेहमीच्या जेवणाच्या वेळा जवळ आल्या की रक्तातले त्याचे प्रमाण वाढते, म्हणजे शरीर वेळापत्रक पाठ करून बसलेले असते. ज्याचे वेळापत्रकच रोज बदलते त्याच्या शरीराने काय पाठ करावे? जागरणाने तेलकट आणि गोड पदार्थांची ओढ वाढते, आणि नेमकी त्याच वेळी शरीराची ते पदार्थ पचवण्याची तयारी सर्वांत कमी असते. तेच जेवण दिवसा घेतले तर रक्तातली साखर जितकी वाढते त्यापेक्षा रात्री ती अधिक वाढते. जठरही रात्री घन पदार्थ सावकाश पुढे सरकवते. पहाटेच्या ड्यूटीवर भरपेट खाल्ल्यानंतर छातीवर जो दगड बसतो, त्याचे कारण इतके साधे आहे. म्हणून मध्यरात्रीच्या आत नीट जेवायचे आणि त्यानंतर थोडेथोडेच खायचे, असा माझा प्रयत्न असतो. तो किती वेळा साधतो हे कॅज्युअल्टीवर अवलंबून असते.

रात्री काम थोडे थंडावले की ड्यूटी रूममध्ये एक मजेशीर दृश्य दिसते. खाटेवर आणि खुर्च्यांवर पसरलेले निवासी डॉक्टर आपापल्या फोनवर काय पाहत असतात, तर कोणीतरी कांदा चिरत आहे, कोणीतरी कणीक मळत आहे, कढईत काहीतरी परतले जात आहे. स्वयंपाकाची हौस नसलेलेही हे तन्मयतेने पाहतात. याचे उत्तर मला मिनेसोटा विद्यापीठात झालेल्या उपासमारीच्या प्रयोगात सापडले. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, 1944 आणि 1945 मध्ये, अॅन्सेल कीज यांनी 36 निरोगी तरुण स्वयंसेवकांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवले होते; युद्धाने उपाशी ठेवलेल्या लोकांना पुन्हा खाते कसे करावे, हे त्यांना जाणून घ्यायचे होते. त्या तरुणांचा बाकीच्या गोष्टींतला रस आटत गेला आणि ते पाककृतींची पुस्तके गोळा करू लागले, ताटे चाटू लागले, एकेका घासावर वेळ काढू लागले. आमच्या भुकेची त्यांच्या भुकेशी बरोबरी करण्याचा आगाऊपणा मी करणार नाही. पण पहाटे तीन वाजता कांद्याच्या रंगाकडे एकटक पाहणारा ऑर्थोपेडिक्सचा मुलगा पाहिला की मला ते 36 जण आठवतात.

खवय्या माणसाची वैद्यकशास्त्राने आणखी एक खोडी काढून ठेवलेली आहे, ती म्हणजे रोगांची वर्णने. जठरात रक्तस्राव झाला की उलटी कॉफीच्या चोथ्यासारखी होते, कॉलऱ्याचे जुलाब तांदळाच्या धुवणासारखे असतात, स्कार्लेट तापात जीभ स्ट्रॉबेरीसारखी दिसते, रक्त तुंबलेले यकृत कापले की जायफळासारखे दिसते. अँकोव्ही सॉस मी आजवर चाखलेला नाही. तरी त्याचा रंग मला पक्का ठाऊक आहे, कारण अमीबामुळे यकृतात झालेल्या गळवातून निघणाऱ्या पुवाचे वर्णन त्या सॉसवरून करतात आणि तो पू मी स्वतः सुईने काढलेला आहे. पुढेमागे कोणी मला तो सॉस वाढलाच तर काय होईल, हे मी आत्ताच सांगू शकत नाही.

आता मूळ गोष्टीकडे येते. ऑर्डरच्या कागदावर आम्ही सर्वाधिक वेळा जी आज्ञा लिहितो तिची इंग्रजीत तीनच अक्षरे आहेत: एनबीएम, तोंडाने काही नाही. शस्त्रक्रियेआधी पोट रिकामे असावे यामागचे कारण भक्कम आहे. भूल दिल्यावर घशाचे रक्षण करणाऱ्या प्रतिक्षिप्त क्रिया मंदावतात आणि जठरातले अन्न किंवा आम्ल वर येऊन फुप्फुसात जाऊ शकते. कर्टिस मेंडेलसन यांनी 1946 मध्ये न्यूयॉर्कमधल्या 44,016 गरोदरपणांच्या नोंदी तपासून असे 66 प्रसंग मांडले. त्यांतल्या दोन स्त्रिया दगावल्या, त्या घन अन्नाने श्वास कोंडून. तेव्हापासून उपाशी पोट हा भूलशास्त्राचा पाया झाला, आणि त्याच्याशी खेळ करण्याची माझी अजिबात इच्छा नाही. अपघातातल्या रुग्णाचे, प्रसूतीच्या वेणा सुरू असलेल्या स्त्रीचे, जुन्या मधुमेहाने जठर मंदावलेल्या माणसाचे पोट तासांच्या हिशेबाने रिकामे होत नाही, आणि वजन घटवणाऱ्या नव्या इंजेक्शनांनी या यादीत अलीकडे भर घातली आहे.

पण एरवीच्या रुग्णासाठी तासांचा हिशेब ठरलेला आहे आणि तो गुप्तही नाही. पाणी, गाळलेला फळांचा रस, दुधाविना चहा-कॉफी असे स्वच्छ द्रव भुलीच्या दोन तास आधीपर्यंत चालतात. हलका आहार आणि दूध सहा तास आधीपर्यंत. तळलेले, तेलातुपाचे किंवा मांसाहारी जेवण असेल तर आठ तास किंवा त्याहून थोडे अधिक. अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने ही मार्गदर्शक तत्त्वे 1999 मध्येच प्रसिद्ध केली. एवढे असूनही वॉर्डात संध्याकाळी काय सांगितले जाते? रात्री बारानंतर काही नाही, पाणीसुद्धा नाही, सगळ्यांना. यादीत पहिला असलेल्या रुग्णाला हे फारसे जड जात नाही. पाचव्या क्रमांकावरचा रुग्ण मात्र दुपारी चार वाजता कोरड्या जिभेने ओठ चाटत पडलेला असतो.

यात दुष्टावा कोणाचाच नसतो. एकच सूचना सर्वांना देणे सोपे असते, प्रत्येकाच्या वेळा वेगळ्या लिहिल्या की रात्रपाळीच्या सिस्टरवर चाळीस खाटांचा हिशेब येऊन पडतो, आणि पहिल्या रुग्णाचा रक्तदाब वाढल्याने त्याची शस्त्रक्रिया रद्द झाली तर पुढचा तयार असावा लागतो, ही कारणे मला मान्य आहेत. मला खटकते ते निराळेच. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेसाठी दाखल झालेल्या एका मावशींचा क्रमांक दुपारपासून मागे मागे सरकत होता. मी जवळून गेले की त्या मान उचलत. शस्त्रक्रिया केव्हा, असे त्यांनी एकदाही विचारले नाही, “ताई, घोटभर पाणी तरी?” एवढेच त्या म्हणत. मी ओटीत फोन करून अंदाज घेतला, तर आधीचे पोट नुकतेच उघडले होते आणि निदान तीन तास तरी लागणार होते. पाणी देऊ का, असे सिनियरना विचारले तेव्हा ते फाइलमधून मान वर न करता म्हणाले, “अगं, आपण तरी सकाळपासून कुठे जेवलोय?”

त्यांचा आवाज कडवट नव्हता. ते खरोखरच उपाशी होते आणि त्यांनी आपल्याला जे लागू ते मावशींना लागू केले. त्या वाक्याने मला जे दाखवले ते कोणत्याही पाठ्यपुस्तकात नव्हते. उपाशी राहण्याची सवय झालेल्या माणसाला दुसऱ्याची भूक हा त्रास वाटेनासा होतो. ती त्याला हवामानासारखी वाटू लागते, असतेच ती, तिचे काय करायचे. वेदना किती आहे हे आम्ही शून्य ते दहा या मोजपट्टीवर विचारतो, तहान विचारत नाही. त्या दिवशी भूलतज्ज्ञ मॅडमना फोन केला आणि त्यांनी पाण्याला लगेच होकार दिला, वर दोन तासांचा नियम मलाच ऐकवला. मावशींनी पेला दोन्ही हातांनी धरला, अर्धा प्याल्या आणि उरलेला पुन्हा मिळेल की नाही या भीतीने उशाशी लपवून ठेवू लागल्या. वेळ गाठायची असल्याने तो मला त्यांच्याकडून मागून घ्यावा लागला.

शस्त्रक्रियेनंतरची गोष्ट याहून गमतीची आहे. पोट उघडले की आतडी काही काळ संप करतात. लहान आतडे काही तासांतच हलू लागते, जठराला एक-दोन दिवस लागतात आणि मोठे आतडे दोन-तीन दिवसांनी कामावर येते. त्यामुळे सकाळच्या राऊंडला आम्ही गंभीर चेहऱ्याने प्रत्येक खाटेपाशी एकच प्रश्न विचारत फिरतो, गॅस पास झाला का. बाहेरच्या जगात ज्या गोष्टीची लाज वाटते तिची बातमी इथे लोक अभिमानाने देतात. निवृत्त मुख्याध्यापक असलेल्या एका काकांनी तर मला दुसऱ्या वॉर्डातून निरोप पाठवून बोलावून घेतले होते. पूर्वी हा शुभशकुन होईपर्यंत तोंडाने काहीच देत नसत. डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केलेट यांनी 1990 च्या दशकात या आणि अशा अनेक रूढींना प्रश्न विचारले: रुग्णाला लवकर उठवा, लवकर चालवा, लवकर खाऊ द्या. आता मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतरही बहुतेकांना पहिल्याच दिवशी द्रव पदार्थ देता येतात. काही ठिकाणी रुग्णाला च्युइंगम चघळायला देतात, कारण चघळल्याने जेवण येत असल्याचा निरोप मेंदूमार्फत पोटाला पोहोचतो. अन्न जिभेवर आले, किंबहुना नुसते दिसले तरी जठर रस सोडू लागते, हे पाव्हलॉव्ह यांनी कुत्र्यांवरच्या प्रयोगांत दाखवले होते आणि 1904 चे नोबेल त्यांना पचनाच्या याच संशोधनासाठी मिळाले. खवय्यांना हे प्रयोगाविना ठाऊक असते, असे मी मागे एका सेमिनारमध्ये म्हणाले होते. कोणी हसले नाही.

भूक परत येणे हे रिपोर्टच्याही आधी मिळणारे लक्षण आहे, असे माझे निरीक्षण झाले आहे. पांढऱ्या पेशी अजून वाढलेल्या असतात, ताप नुकताच उतरलेला असतो, आणि रुग्ण म्हणतो की आजचा भात फारच गिचका होता. काल तोच भात त्याने न पाहता बाजूला सारला होता. जेवणाला नावे ठेवणारा रुग्ण मला मनापासून आवडतो. याउलट एरवी चवीने खाणारा माणूस काही महिन्यांपासून ताटावरून लवकर उठू लागला आहे, दोन घासांत पोट भरल्यासारखे वाटते म्हणतो, असे घरच्यांनी सांगितले की माझा हात आपोआप एंडोस्कोपीच्या, म्हणजे जठरात दुर्बीण घालून पाहण्याच्या तपासणीच्या, फॉर्मकडे जातो.

म्हणून रुग्णाची माहिती घेताना आहाराच्या रकान्यात शाकाहारी किंवा मिश्र एवढेच लिहून मला पुढे जाता येत नाही. काय खाता, यापेक्षा ते कोण शिजवते, हे विचारल्यावर खरी माहिती मिळते. हृदय कमकुवत झालेले आजोबा पाय सुजून वारंवार दाखल होत होते आणि दर वेळी मीठ अगदी बंद आहे असे शपथेवर सांगत होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते निरोगी प्रौढानेही दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, म्हणजे जेमतेम एक चमचा. आजोबांना तर त्याहून कमी हवे होते. आजोबा खोटे बोलत नव्हते. वरून मीठ घेणे त्यांनी खरोखरच सोडले होते. त्यांच्या सुनेशी बोलल्यावर कळले की आळणी जेवण त्यांच्या घशाखाली उतरत नाही, म्हणून रोज संध्याकाळी त्यांना पाकिटातले तयार सूप दिले जाते, आणि सूप म्हणजे आजारी माणसाचे खाणे असे समजून कोणी पाकिटाची मागची बाजू वाचली नव्हती. मी तिला लिंबू, आले, मिरी, भाजलेला लसूण यांनी चव कशी भरून काढता येते ते सांगितले. त्या दिवशीची ओपीडी माझ्यामुळे लांबली आणि त्याबद्दल मला बोलणी बसली. बोलणी मी खाल्ली, तो सल्ला पुन्हा देईन.

सर्वांत अवघड असतो तो रुग्ण ज्याला खाऊ घालण्याचा आता काहीच वैद्यकीय उपयोग नसतो. पोटातल्या कर्करोगाने आतड्यांचा मार्ग अनेक जागी बंद झालेले एक काका आमच्याकडे होते. शस्त्रक्रियेने तो मार्ग मोकळा होण्यासारखा नव्हता आणि त्यांना दिवसातून कितीतरी वेळा उलट्या होत. अशा वेळी पोटाच्या भिंतीतून थेट जठरात नळी घालतात, तिला बाहेरून पिशवी जोडतात आणि जठरात साठलेले सगळे त्या वाटेने निघून जाते. उलट्या थांबतात. त्याचा एक फायदा आधी फारसा कोणाच्या डोक्यात येत नाही: माणूस पुन्हा पिऊ शकतो. शरीराला त्यातले जवळजवळ काही मिळत नाही, पण जीभ आणि घसा यांना मिळते.

नळी बसल्यानंतर काकांनी टोमॅटोचे सूप मागितले. त्यांच्या मुलाला हा सगळा प्रकार क्रूर वाटला. आत जाऊन लगेच बाहेरच पडणार असेल तर द्यायचे कशासाठी, असे त्याने मला व्हरांड्यात विचारले आणि माझ्याकडे पटकन देता येईल असे उत्तर नव्हते. काकांनी चमचा हातात घेतला, पहिला घोट तोंडात बराच वेळ ठेवला, मग गिळला. वाटी संपायच्या आतच पिशवीत लालसर पाणी उतरू लागले. त्यांनी वाकून ते पाहिले आणि मला म्हणाले, “डॉक्टरताई, हिशेब चोख आहे. गेलं तेवढं आलं.” मुलगा नाइलाजाने हसला. काकांनी मात्र चमचा पुन्हा वाटीत घातला आणि तक्रारीच्या सुरात म्हणाले, “पण सूप अळणी आहे हो. स्वयंपाकघरात कोणी चाखून बघत नाही का?”

मी स्वयंपाकघरात फोन लावला, तर उत्तर मिळाले की या खाटेला कमी मिठाचाच आहार लिहिलेला आहे. फाइल चाळली. कित्येक महिन्यांपूर्वीच्या पहिल्या भरतीत त्यांचा रक्तदाब वाढलेला होता, तेव्हा कोणीतरी ती ओळ लिहिली होती, आणि नंतरच्या प्रत्येक भरतीत ती आधीच्या कागदावरून पुढच्या कागदावर इमानेइतबारे उतरवली गेली होती. मी तिच्यावर आडवी रेघ ओढली, शेजारी “मीठ चवीप्रमाणे” असे लिहिले, तारीख आणि वेळ घातली, सही केली आणि सिस्टरना म्हणाले की आत्ताच्या आत्ता दुसरी वाटी मागवा.